चरबीची जाळी

"नानीमैयांचं कोण आहे?" ऑपरेशनच्या खोलीचं दार अर्धवट उघडून डॉक्टर भट्टराईबाईंनी विचारलं.

तिचा नवरा हेराकाजी खड्गी बाकावरून उठला. त्याच्यामागे त्यांची मुलगी सजिना.

डॉक्टरांच्या हातात स्टीलचा ट्रे होता. काढलेलं नातेवाइकांना दाखवायची इथली रीत. सजिनानं एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ही अंडाशयातली गाठ. कॅन्सरचीच दिसतेय दाजू, मोठ्या भावासारखे आहात, खोटं कशाला सांगू? पण फुटली नाही. अख्खी निघाली."

हेराकाजीचं गाठीकडे लक्षच नव्हतं. तो शेजारच्या पिवळ्या, जाळीदार पडद्याकडे बघत होता. नेपाळातल्या ललितपूरला त्यांचं रेड्याच्या मांसाचं दुकान तीन पिढ्यांचं. जनावराचं पोट उघडलं की त्याचा हात आधी आतड्यांवरच्या या जाळीवर जायचा. तिच्यात बोटांना कण लागले, तर जनावर रोगट समजून पुरून टाकायचं. बापाची शिकवण.

"ही का काढलीत?"

"गाठ असते अंडाशयात, पण पसरायला निघाली की पहिल्यांदा इथं येते. चरबी आहे ना, इथं तिला खायला मिळतं."

"म्हणजे हीच घरभेदी."

"घरभेदी नाही हो, भाबडी. पोटात कुठं सूज आली की जाऊन पांघरूण घालते बिचारी. दारात आलेल्याला जेवू घालते, चोर की साव बघत नाही."

हेराकाजी ट्रेपाशी सरकला. मग हलकेच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, एकदा हात लावू?"

मागची सिस्टर पुढं सरसावली, "असं काय करता, बा!" डॉक्टरांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटांवर सुरीच्या जुन्या खुणा होत्या.

"यांना हातमोजे द्या," त्या सिस्टरला म्हणाल्या. "दाबू नका, दाजू."

त्यानं जाळी दोन बोटांत धरली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चाचपत नेली. पुन्हा उलट आणली. सजिना आता वळून बापाच्या तोंडाकडे बघत होती.

"काही नाही लागलं," तो म्हणाला.

"मलाही नाही. पण हाताला न लागणारे कणही असतात. तपासणीला पाठवते. दहा दिवस थांबा."

ते दहा दिवस त्यानं नानीमैयाजवळ जाळी चाचपल्याचा उच्चारही केला नाही. सजिनालाही बजावून ठेवलं. रेड्याच्या बाबतीत त्याचा हात कधी चुकला नव्हता. पण ही नानीमैया होती.

अकराव्या दिवशी डॉक्टर स्वतःच रिपोर्ट घेऊन खाटेपाशी आल्या. "जाळी स्वच्छ आहे. पोटातल्या पाण्यातही काही सापडलं नाही. केमोचे थोडे डोस घ्यावे लागतील, पण वेळेत निघालं सगळं."

सजिनानं आईच्या पायांवर डोकं टेकलं. हेराकाजी खाटेच्या कडेवर बसला. 

"तुमचा हात खरा निघाला, दाजू," डॉक्टर म्हणाल्या.

"कसला हात?" नानीमैयानं विचारलं.

आता सजिनाला राहवेना. तिनं सगळं सांगून टाकलं.

नानीमैया नवऱ्याकडे बघत राहिली. "माझी चरबी चाचपलीत? चारचौघांत?"

"हातमोजे घालून," तो पुटपुटला.

तिला हसू फुटलं. टाक्यांवर हात दाबून धरत तिनं विचारलं, "मग, किती भरली?"

हेराकाजीनं बाहीनं डोळे पुसले.

"तिथं तराजू कुठला? जन्मात पहिल्यांदा न तोलता दिली."