बुधावरचा डिंक

बुधावर उद्या सूर्य उगवणार होता आणि तीन महिने भाजूनच मावळणार होता. त्याआधी छपरावर घरातली हवा सांभाळणारी चिप चिकटवायची होती. मागची चिप सूर्य मावळताच गारठ्यानं निखळली, अन् सगळं घर गुदमरता गुदमरता वाचलं.

"आत्याबाई, हा कडक डिंक जास्त ताप सोसतो," सून वेणू म्हणाली.

"तापायला काय, कुणीही तापतं! निवताना खरं कळतं." सगुणाबाईंनी कडक आणि मऊ अशा दोन्ही डिंकांनी दोन जुन्या चिपा तव्याला डकवल्या, तवा सणकून तापवला आणि घावनाआधी मारतात तसा पाण्याचा सपका मारला. कडक डिंक तडकला. मऊ आक्रसला, पण सुटला नाही.

"मऊच लाव. कडकपणानं घर टिकत नसतं."

"हे तुम्ही सांगताय?" वेणू हसली.

"मी तवा आहे, बये," सगुणाबाई फणकारल्या. "डिंक तू!"