अण्णांचा नंबर

बार्शीत चार्जिंगचे पॉइंट सहाच आणि गाड्या हजारांवर, त्यामुळे कुणाची निकड मोठी हे यंत्रच ठरवायचं. अंबाजोगाईला वडील अत्यवस्थ होते, म्हणून फलकावर शुभदाचा नंबर पहिला लागला. गाडी निम्मी चार्ज झाली होती, तेवढ्यात धाकट्या भावाचा, अच्युतचा फोन आला. त्याच्या नुसत्या श्वासावरून ती समजली.

"कधी?" तिने विचारलं.

"तासभर झाला, ताई."

शुभदाने दचकून फलकाकडे पाहिलं. माणूस गेला की निकड संपली, असा यंत्राचा हिशेब. शेजारच्या देशमाने काकूंचं चार्जिंग परवा असंच मध्येच तुटलं होतं, आणि त्यांना भावाचं तोंडही पाहायला मिळालं नव्हतं. तिचा नंबर मात्र अजून पहिलाच होता.

"अच्युत, नोंद केली नाहीस?"

"नाही. डॉक्टरही थांबलेत. तुझी गाडी निघेपर्यंत राहू देत अण्णांना."

तिने डोळे पुसले. मागच्या गाडीतले म्हातारे गृहस्थ उतरून काचेपाशी आले.

"कसे आहेत वडील?"

फलकावर एकावन्न टक्के दिसत होते.

"आहेत अजून," शुभदा म्हणाली.