बाटल्यांच्या हीटरचं पाणी

फिटरकाका चौथं पातेलं घेऊन गच्चीवर पोचले तेव्हा बाराला दहा कमी होते आणि सूर्याचा पत्ता नव्हता. हीटरच्या बादलीतलं अर्धं थंड पाणी त्यांनी आधीच काढून टाकलं होतं. हातातलं उकळतं पाणी त्यांनी आत ओतलं, झाकण लावलं आणि रिकामं पातेलं टाकीमागे सरकवलं.

खाली काकूंनी विचारलं होतं, "एवढं पाणी कशाला?"

"गुडघे शेकायचेत."

"चार पातेली? कुणाकुणाचे गुडघे?"

तेव्हा काका हसले होते. आता बाटल्यांकडे बघवत नव्हतं. साठ बाटल्या, त्यांच्यात काळे रंगवलेले दुधाचे खोके, मधून जाणारा काळा पाइप आणि वर जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेली रंगाची बादली. चार महिने सगळी इमारत बाटल्या आणून देत होती आणि त्यांना 'भंगारशेठ' म्हणत होती. मागच्या आठवड्यात पाणी असं तापलं की हात घालवेना. त्या भरात काकांनी बैठकीत छाती ठोकून सांगितलं, रविवारी बारा वाजता या आणि स्वतः हात घालून बघा. गुरुवारी ढग आले ते हटायलाच तयार नव्हते. आयुष्यात एक नळ गळता ठेवून आले नाहीत ते काका. सगळ्यांसमोर तोंडघशी पडायची कल्पनाच त्यांना सोसेना.

बाराला माणसं जमली. पहिल्या मजल्यावरच्या नर्सला सगळ्यांनी पुढे केलं. तिची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, गरम पाण्याची सगळ्यात जास्त गरज तिलाच. बाटल्याही सर्वांत जास्त तिनेच दिल्या होत्या, लेबलं काढून, घासूनपुसून. तिने प्लास्टिकचा मग तोटीखाली धरला. काकांनी तोटी सोडली. पाण्याला वाफ होती.

मगात चहाच्या पत्तीचे तीन-चार काळे दाणे तरंगत होते.

काकांना ते दिसले. तिलाही दिसले. चहाचं पातेलं घाईत नुसतं विसळून घेतलं होतं, हे काकांना आत्ता आठवलं. नर्सने पत्ती बोटाने अलगद उचलली, ओढणीला पुसली आणि हातातला मग मागच्यांकडे दिला.

"गरम आहे," ती म्हणाली. "चांगलं गरम आहे."

तो हातोहात फिरला. टाळ्या पडल्या. सेक्रेटरी म्हणाले, "भंगारशेठ, ढगातसुद्धा तापतंय की हो!" तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "मग माझा गीझर उद्याच काढून टाकतो." काकांनी नुसती मान हलवली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि लोक समजत होते की माणूस किती नम्र आहे.

गच्ची रिकामी झाल्यावर काका खाली उतरले. पहिल्या मजल्यावर येऊन थांबले. आपल्या मजल्यावर जावं, जेवावं, पडून राहावं असं फार वाटलं. पण हात बेलवर गेला.

नर्सने दार उघडलं. बाह्या वर सरकवलेल्या, खांद्यावर टॉवेल. आत शेगडीवर आईच्या आंघोळीचं पाणी ठेवलेलं होतं.

"अगं, ते मघाचं पाणी..." काका म्हणाले.

"कळलं मला, काका."

"मग गप्प का राहिलीस?"

"तुम्ही पाठ वाकवून साठ बाटल्या ओवल्यात. पंधरा माणसांत तुम्हाला मान खाली घालायला लावणं मला कसं जमेल?" तिने आत वळून शेगडी बारीक केली. "एकच सांगा. ऊन असलं की खरंच तापतं ना?"

"तापतं. आईची शपथ, हात घालवत नाही."

"मग झालं."

"आजोबांना आत्ताच जाऊन सांगतो. गीझर काढू नका म्हणावं. सगळ्यांनाच सांगतो."

"सांगा." ती दारात तशीच उभी राहिली. रागावली असती, चार शब्द सुनावले असते तर काकांना बरं वाटलं असतं. आतून आईने हाक मारली तशी ती वळली, आणि जाता जाता म्हणाली,

"आज ऊन नाही, एवढंच म्हणायचं होतं, काका. आम्ही उद्या आलो असतो."