धारेवरची वाट

अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची कूस बदलता बदलता आम्ही नवराबायको महिनाभर त्या डोंगरधारेचाच बेत करत होतो. कुठून चढायचं, डबा कुठे खायचा, कुठल्या कड्यावर वारा उभं राहू देत नाही. फोटो बघून बघून वाट तोंडपाठ झाली होती. बाबाच मागे लागले होते, "तोंडं बघा तुमची! माझ्यापाशी मावशी ठेवा आणि एक दिवस जाऊन या."

रविवारी उजाडताच मावशी आल्या. आम्ही सॅक भरली, बूट चढवले आणि निघता निघता आतल्या खोलीत जरा पाठ टेकली.

डोळे उघडले तेव्हा उन्हं कलली होती. बुटांसकट, चोरासारखे बाबांपाशी जाऊन उभे राहिलो.

"कसा होता डोंगर?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी मिळून त्यांना अख्खी वाट सांगितली. चढ, कडा, वारा, दोन्ही बाजूंची दरी. कुठे अडखळलोसुद्धा नाही.

बाबांनी सगळं मन लावून ऐकून घेतलं.

"बरं झालं जाऊन आलात," ते म्हणाले. "आता ते बूट काढा. मघाशी मावशी काढायला निघाल्या होत्या. मीच म्हटलं, राहू द्या, जाग येईल त्यांना."