दोर कोणाच्या हाती

“दोर माह्या हाती दे, बाई,” म्हणत रुख्माने नंदाबाईच्या हातून दोर जवळजवळ हिसकावूनच घेतला.

केशोरीच्या रानात इंग्रज सरकारच्या परवान्यावर चालणारी मोहाच्या दारूची भट्टी होती. मोहफुलं आंबवायला जमिनीत खोल टाकं बांधलं होतं. रस उपसला, की एकाने कमरेला दोर बांधून गाळ काढायला आत उतरायचं आणि दुसऱ्याने वर दोर धरून बसायचं. दोर कोणाला द्यायचा, ते उतरणाऱ्याच्या मर्जीवर. रुख्माचा नवरा सेवकराम तो नेहमी नंदाबाईला द्यायचा. नंदाबाई विधवा. तिचा नवरा याच टाक्यात गुदमरून गेला होता.

फुलं निवडता निवडता रुख्मा हे रोज बघायची. दोराचं एक वेळ ठीक, पण तिचा जीव जळायचा तो बोलण्यापायी. घरी सेवकराम घुम्या. भाकर करपली तरी हूं नाही की चूं नाही. टाक्यात उतरला, की मात्र याच्या तोंडाला खळ नसायची. बैलांचं, बाजाराचं, प्रतापगडच्या जत्रेचं, काय वाट्टेल ते. वरून नंदाबाई “मंग?” म्हणायची, हसायची. बाया रुख्माकडे बघून पदराआड खुसखुसायच्या आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आज नंदाबाई काही सांगायला पुढे झाली, तर रुख्माने सरळ पाठ फिरवली. चारचौघांत शोभा नको म्हणून नंदाबाई लाकडं आणायला निघून गेली. सेवकराम जरा घुटमळला. मग म्हणाला, “मी बोलत राहीन. तू आयकत राय.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं काही तो कधी बोलला नव्हता. रुख्मा चक्क लाजली.

खालून आवाज येऊ लागला. शेळीला पिल्लं कधी होणार, परवाची अंबाडीची भाजी कशी झकास झाली होती. रुख्माला कोण सुख वाटलं. नंदाबाईने हे ऐकावं म्हणून ती वळून वळून बघत होती.

मग आवाज थांबला.

झालं, रुख्मा मनात म्हणाली. बायकोसाठी एवढंच. इथे नंदाबाई असती तर याचं बोलणं सरलं नसतं. मग मीच का हाक मारू? दोर मुठीत घट्ट धरून ती फुगून बसली.

लाकडांचा भारा घेऊन नंदाबाई आली आणि थबकली. “भाऊ काऊन बोलून नाही राहिला?”

“माह्यासंगं कधी बोलते हा माणूस?” रुख्मा फणकारली.

भारा तिथेच टाकून नंदाबाईने दोर धरला आणि ओढू लागली. भट्टीवरचे गडी धावले. सेवकरामला वर काढलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

दोर अजून रुख्माच्या मुठीत होता. नंदाबाईने तिची बोटं एकेक करून सोडवली.

“बोलणं थांबलं का दोर ओढाचा असते, बाई. भाऊले का बोलाची हौस होती? हेच सांगाले आली होती मी.”