वस्तऱ्याखालची कादंबरी

माझ्या सलूनमध्ये रिवाज आहे, ज्याचा नंबर पुढचा, त्यानं खुर्चीतल्याला वाचून दाखवायचं. त्या दिवशी शिंप्यानं फळीवरची नवी कादंबरी उचलली. तीत एक आचारी आणि एक आगीचा बंबवाला, दोघंही पुरुष, एका टबात घुसतात, चुंबन रंगात येतं, तेवढ्यात नळच निखळतो आणि आचारी शिव्यांची लाखोली वाहतो. शिंपी वाचता वाचता लाजला, बाकीचे पोट धरून हसले. खुर्चीतला फौजदार मात्र अर्ध्या दाढीनिशी उठला. “असलं लिहिणाऱ्याला आईबाप आहेत का?” कादंबरी माझ्या पोराची. माझी अब्रू जाऊ नये म्हणून त्यानं खोटं नाव छापलं होतं. मी वस्तरा खाली ठेवला. “आहेत ना. बाप तुमच्यासमोर उभाय. पोराला पुरुष आवडतात, आणि लिहितो झकास. उरलेली दाढी करायची तर गप बसा.” फौजदारानं आरशात पाहिलं, परत खुर्चीत बसला. “तरीच,” पुटपुटला, “आचाऱ्याच्या तोंडी शिव्या अगदी तुझ्याच आहेत.”