मला तर काही वास येत नाही

नोरीन सरळ आत गेली आणि दिवाणखान्यातल्या पांढऱ्या सोफ्यावर बसली. अंगातला कोट तिनं काढला नाही.

रविवारची दुपार होती. मिस्टर लॉटन यांनी हे घर नव्यानं रंगवून विकायला काढलं होतं आणि बघायला येणाऱ्यांसाठी दार सताड उघडं ठेवलं होतं. टेबलावर बिस्किटं, कॉफी. ओव्हनमध्ये सफरचंदं आणि दालचिनी भाजत ठेवलेली, घरात कुणीतरी मायेचं राहतंय असं वाटावं म्हणून. नोरीन येऊन बसली आणि थोड्याच वेळात दालचिनीनं हार खाल्ली.

वास स्कंकचा होता. मांजराएवढं काळं जनावर, पाठीवर पांढरे पट्टे, आणि त्यानं शेपूट वर केली की गाव सोडायची वेळ. महिनाभर ते नोरीनच्या भाड्याच्या घरात, फळ्यांच्या जमिनीखालच्या पोकळीत मुक्कामाला होतं. गेल्या आठवड्यात तिथं त्याची एका बोक्याशी जुंपली आणि त्यानं आपलं हत्यार काढलं. हिटरची गरम हवा ज्या जाळ्यांतून घरात येते, त्याच जाळ्यांतून तो वास वर आला आणि पडद्यांत, गाद्यांत, पावात, केसांत जाऊन बसला. तेही घर लॉटनचंच. बोलावल्यावर ते आले, दारातच थांबले, नाक जरा वर केलं. "मला तर काही वास येत नाही," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी नोरीनच्या मुलीला, टेसला, शाळेनं मधूनच घरी पाठवलं. बाईंनी फोनवर फार गोड शब्दांत सांगितलं. वर्गातल्या मुलांनी ठेवलेलं नाव गोड नव्हतं. टेसनं ते आईला सांगितलं नाही. पण बाथरूममध्ये अंग खसाखसा घासताना ती तेच नाव स्वतःशी म्हणत होती, आणि नोरीन टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी होती.

आज सकाळी नोरीननं आपला कोट त्या जाळीवर पसरला आणि चांगला मुरू दिला.

जिन्यावरून एक जोडपं उतरलं. बायकोला दिवस गेलेले, नवऱ्याच्या कडेवर लहान मुलगी. मागून लॉटन, स्वयंपाकघराचं कौतुक सांगत. नोरीन दिसताच ते थबकले, पण हसू त्यांनी सोडलं नाही.

"नोरीन, तुम्ही इथं कशा?"

"घर बघतेय. दार उघडं होतं."

नवऱ्यानं मफलर नाकावर ओढला. "इथं स्कंक आहे का हो?"

"छे, छे. वाऱ्यानं येत असेल बाहेरून."

"बाहेरून नाही," नोरीन त्या माणसाला म्हणाली. "माझ्या अंगाला येतोय. मी यांचीच भाडेकरू. यांच्याच घरातून घेऊन आलेय."

कडेवरच्या मुलीनं चिमटीत नाक धरलं. "आई, ही बाई घाण आहे."

नोरीनचे कान तापले. उठावं आणि दाराबाहेर पळावं असं तिला क्षणभर अगदी आतून वाटलं. टेसला पळता आलं नव्हतं. नोरीननं पाठ मागे टेकवली आणि पांढऱ्या उशीवर सावकाश, नीट घासली.

जोडपं कॉफीला न थांबता गेलं. फाटकापाशी आलेलं एक म्हातारं जोडपं त्यांच्याशी दोन शब्द बोललं आणि तिथूनच मागं वळलं. लॉटननी दार लावून घेतलं. हसू गेलं, आणि त्याच्याबरोबर 'तुम्ही'ही गेलं.

"ऊठ. सोफा भाड्यानं आणलाय मी."

"का? वास येतोय?"

"नोरीन, मी पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. त्यांनाही विचारू, येतोय का."

लॉटननी खिडकी उघडली. नोव्हेंबरचा वारा आत शिरला. ते तोंड बाहेर काढून उभे राहिले. नोरीन त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. तिला कसलीही घाई नव्हती.

"येतोय," ते बाहेर बघत म्हणाले.

"इकडे बघून सांगा."

ते वळले. डोळ्यांत पाणी आलं होतं, वाऱ्यानं किंवा वासानं. "येतोय, बाई. येतोय. झालं समाधान?"

"नाही," नोरीन म्हणाली. आणि ते खरंच होतं.

जनावरं पकडणाऱ्या माणसाला त्यांनी तिच्यासमोरच फोन लावला. पिंजरा आजच लावायचा, जनावर बाहेर पडलं की पोकळीला जाळी ठोकायची, गाद्या-पडदे धुण्याचा खर्च त्यांचा. नोरीननं पत्ता त्यांना पुन्हा सांगायला लावला. मग ती उठली. लॉटननी दार उघडून धरलं, पण ती दाराकडे गेली नाही. सोफ्याच्या जोडीची पांढरी खुर्ची होती, तीत जाऊन बसली.

"आता काय?"

"तो माणूस पोचला की टेस मला फोन करेल. तोवर बसते. तुमचं चालू द्या."

फोन आला तेव्हा बिस्किटं तशीच होती आणि ओव्हनमधली सफरचंदं करपली होती. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या. लॉटन ओव्हरकोट चढवून जिन्यात बसले होते. नोरीननं त्यांना नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

बसथांब्यावर आडोशाच्या बाकावर तिघं दाटीवाटीनं बसले होते. ती जवळ येताच एक बाई उठली. मग किराण्याची पिशवी सांभाळत एक म्हातारा. शेवटी तिसराही उठून बाहेर वाऱ्यात जाऊन उभा राहिला. नोरीननं रिकाम्या बाकाकडे पाहिलं, आणि मग ती बरोबर मधोमध बसली. एका बाजूला पर्स ठेवली, दुसऱ्या बाजूला हातमोजे.